पैलवानाचे कान

मार्गासनी, ता. ११ जानेवारी १९५३

ती. बनाआत्यास रतनचा शि. सा. नमस्कार.

चुका असतील, माफी करा. चौथीतच शाळा सुटली. एक ओळ लिवस्तवर तव्यावरची भाकरी करपती.

कारण की, सर्कशीबरूबर गेलेले तुमचे वडील, आमचे आबा, सावळाराम पैलवान परत आले म्हंत्यात. म्हातारा दारात येऊन हेच सावळारामाचं घर का, म्हणला. आजीला आता दिसतंय कुठं? तिनं त्याच्या तोंडावरनं, कानावरनं हात फिरवला आन म्हणली, आलात व्हय, जेवा. तो पाय धुऊन जेवाय बसला. तवापास्नं माझे वडील, दादा, गावभर सांगत सुटल्यात.

तो पडवीत निजतो. भोरच्या जत्रंपास्नं पार बडोद्यापतूरच्या आबांच्या कुस्त्या सांगतो, आजी म्होरं बसून आयकती. पर मला इश्वास न्हाई. पैलवानाचे कान रगडून फुटत्यात, तालमीतल्या गेनूचे बघा. ह्याचे माझ्यावानी साफ! आजी पस्तीस वर्सं कुंकू लावून वाट बघती. हा भामटा असंल तर? मला लोकात बोलायची लाज वाटती, म्हणून तुमाला इचारते.

तुमची रतन

आंबवडे, ता. १९ जानेवारी

चि. रतनीस आशीर्वाद.

चारचौघांत तोंड न उघडणारी तू, पत्रात फौजदार झालीस की! पर कानाचं तू बरूबर हेरलंस. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून मी त्यांचे कान धरायची. वाळल्या अंजिरावानी गाठीगाठीचे. फुटला कान पुन्ना साफ होत न्हाई.

दादाला सांगू नगंस, तो काठीच घील. म्हाताऱ्याला तालमीत ने आन त्याचे हात कुठं जात्यात बघ.

तुझी आत्या बना

मार्गासनी, ता. २ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

नेलं. पैलवान आदी मातीला हात लावतो. ह्याचा हात तेलाच्या वाटीला गेला, आन कुणी न सांगता गेनूची मान रगडाय लागला.

वाटंत धीर करून इचारलं, तुमी कोण. तो बांधावर बसला आन सांगाय लागला. नाव सोनबा. आबांना जलमभर तेल लावणारा. गेल्या पावसाळ्यात आबा त्याच्याच हातावर गेले. तेच सांगाय आला हुता, पर आजीचं कपाळ बघून जीभ उचलंना.

घरी म्या तोंड उघडाय गेले, तर आजीनं माझ्या तोंडावर पिठाचा हात ठेवला. म्हणली, कान त्याच दिशी चाचपले म्या. का आलाय ते बी कळलं. त्यानं सांगितलं की कुंकू पुसायचं, आन तो जाणार. मंग त्यांच्या कुस्त्या मला कोण सांगंल? अजून निम्म्या बी झाल्या न्हाईत.

तवा आलात तर त्याला आबाच म्हणा. रडायचं ते तिकडंच रडून या.

माया हाय तशी ऱ्हाऊ द्या. काळ्या शेळीला तीन करडं झाली, तिन्ही पांढरी.

तुमची रतन