पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे

१२ जानेवारी १९८८, मंगळवार
नंदा आजही पावणेनऊला आली. आम्ही साडेआठलाच बसलेलो. बबन बायकोची बाजू घेत म्हणाला, "आई असती तर थांबली असती." अण्णा थोरलेपणानं म्हणाला, "आई असती तर साडेआठलाच वाढलं असतं." दोघंही खरंच बोलतायत. आई स्वतः मागे थांबायची, आम्हाला मात्र वेळेवर बसवायची.
नंदाच्या पानात भात खरवडून आला. ती तेवढ्यावरच जेवली, खरकटं काढलं, गुड्डीला उचलून मधल्या दारातून त्यांच्या खोलीत गेली.
लिहून ठेवते. भात मी दुसऱ्यांदा घेतला होता. वहिनीनं आधी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे, आणि वाढला.

१५ जानेवारी, शुक्र.
आज नंदाला अजून उशीर. बँकेत काही तपासणी चालू आहे. बबन न जेवता गुड्डीला भरवत बसला होता. अण्णा आमटी भुरकत म्हणाला, "जेवणाची वेळ घराची असते, बँकेची नाही."
नंदा तेव्हा दारातच उभी होती, एक चप्पल पायात, एक काढलेली.

२० जानेवारी, बुध.
बोंबील. वहिनीचा हात बोंबलाला चांगला आहे. नंदा येताना स्टेशनवरून पाव घेऊन आली आणि तिकडेच बसून चहाबरोबर खाल्ले. बबन आमच्यात जेवला, पण मान वर न करता. गुड्डी तळहातावर एक बोंबील घेऊन आईकडे गेली. तो परत आला नाही, म्हणजे खाल्ला असावा.

२७ जानेवारी, बुध.
बबननं स्टो आणला. त्यांच्या मागच्या खोलीत इतकी वर्षं कोळशाची पोती आणि आईची ट्रंक होती, ते सगळं गॅलरीत काढलं. वडिलांनी शेजारशेजारच्या या दोन जागा घेऊन मधल्या भिंतीत दार पाडलं, तेव्हापासून त्या बाजूला चूल पेटलीच नव्हती.
संध्याकाळी वहिनी कणीक मळता मळता बोलली. आवाज न चढवता. "एकोणीस वर्षं झाली मला या घरात, वन्सं. मी जेवले का, असं मला कुणी विचारलंय? आता तिच्यासाठी सगळ्या घरानं थांबायचं."
मी कधी विचारलंय का ते आठवून बघितलं. नाही आठवलं.

३१ जानेवारी, रवि.
माझा प्रश्न निघाला. बबन म्हणाला, "ताई कुठे जेवणार?" अण्णा म्हणाला, "इथेच. दुसरीकडे कुठे?" बबन म्हणाला, "का? ती माझी बहीण नाही?" मग दोघांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. एक ते पंधरा अण्णाकडे, सोळापासून महिनाअखेर बबनकडे. झोपायचं पूर्वीसारखंच, अण्णाच्या बाहेरच्या खोलीत त्याच्या वैशूजवळ.
मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी म्हटलं, तुम्ही ठरवा. बेचाळिसाव्या वर्षी.

१९ फेब्रुवारी, शुक्र.
तिकडचा पहिला पंधरवडा. नंदा सकाळी सहाला भाजी करून जाते, रात्री फक्त भात आणि पोळ्या. मीठ कमी असतं. नऊला बसतात, कधी सव्वानऊला. पण जेवताना बोलतात. बबन त्याच्या साहेबाची नक्कल करतो, गुड्डी सांडते, नंदा हसते. बबन इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं. अण्णासमोर तो कधीच बोलला नाही.
भिंतीपलीकडून अण्णाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज येतो. त्यांना आमचं हसणं ऐकू येत असणार.

३ मार्च, गुरु.
इकडे. वहिनीनं वालाचं बिरडं केलं होतं. उत्तम. कुणी बोललं नाही. वैशूनं विचारलं, "आत्या, काकूकडे काय असतं गं?" अण्णानं तिच्याकडे बघितलं. वैशूनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

२२ मार्च, मंगळ.
बबनला वेगळं रेशनकार्ड हवंय. त्यासाठी इन्स्पेक्टर बघायला आला, दोन चुली खरंच आहेत का. म्हणून मी अर्धी रजा टाकून घरी. त्यानं वाकून गॅस बघितला, मग पलीकडे जाऊन स्टो बघितला. काजळी लागलीये का तेही बघितलं.
मग माझ्याकडे वळून, "आणि या बाई कुणात?"
अण्णा आणि बबन दोघंही एकदमच म्हणाले, "आमच्यात."
तो म्हणाला, "एक नाव दोन कार्डांवर चालत नाही. बाई, तुम्ही जेवता कुठं?"
मी म्हटलं, "आज तिकडे."
त्यानं माझ्या नावापुढे फुली मारली आणि सांगितलं, नक्की काय ते कळवा.

२५ मार्च, शुक्र.
ऑफिसमध्ये डबा खाताना हिराला सांगितलं. हिरा कोळी, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. खाडीकाठचं त्यांचं जुनं घर, माणसं अकरा. तिनं सुक्या सोड्याचं कालवण माझ्या डब्याच्या झाकणात घातलं आणि म्हणाली, "आमच्यात भांडणं रोज असतात गं. पण चूल वेगळी करायला जागाच नाही. नाहीतर आम्हीपण केली असती." हसली. मीपण.
दुपारचं जेवण हे एकच असं, की त्याला तारीख बघावी लागत नाही.

१७ मे, मंगळ.
वहिनीची आई आजारी. वहिनी वैशूला घेऊन माहेरी पेणला गेली. निघताना अण्णाला डबे दाखवत होती, यात तांदूळ, यात डाळ. अण्णा हो हो म्हणत होता. त्याला कुकर लावता येत नाही हे तिलाही माहीत आहे. मला हळूच म्हणाली, "वन्सं, बघा जरा." मी सध्या तिकडच्या पंधरवड्यात.

१९ मे, गुरु.
काल अण्णा चहा-खारीवर राहिला. आज बबन-नंदा यायच्या आत मी ताट वाढून मधल्या दारातून नेलं. तो खिडकीपाशी पेपर वाचत होता. म्हणाला, "माझं झालंय." ओट्यावर पावाचा कागद पडलेला. ताट परत आणलं आणि तेच मी जेवले.

२१ मे, शनि.
आज नंदाच ताट घेऊन गेली. मला न सांगता, बबनला न सांगता. मी दाराशी होते. ती म्हणाली, "भाऊजी, वरणभात आहे." अण्णा म्हणाला, "ठेव." ती ठेवून आली. अर्ध्या तासानं ताट धुऊन, पालथं घालून आमच्या उंबऱ्यावर.
नंदानं इकडूनच विचारलं, "मीठ कमी होतं का?"
अण्णा म्हणाला, "ठीक होतं."
जानेवारीपासून दोघांमधलं हे पहिलं बोलणं.

२३ मे, सोम.
काल आणि आज नंदानं पुन्हा ताट नेलं. आज बबननं बघितलं. तो चिडला, पण अण्णावर. "चार पावलांवर आहे. इथे येऊन बसायला काय झालं त्याला? ताट तिकडे पाठवायला हा काय दवाखाना आहे? उद्यापासून नाही." नंदा म्हणाली, "अहो, एकटे आहेत ते." बबन म्हणाला, "मग येऊ दे."
हे सगळं अण्णाला ऐकू गेलं असणार. भिंत चार इंचाची आहे.

२४ मे, मंगळ.
संध्याकाळी मी माझंच ताट उचलून अण्णाकडे गेले. अर्धं अर्धं करू म्हटलं. तो "नको" म्हणाला नाही. एका ताटात दोघांनी भाजी-पोळी खाल्ली. लहानपणी आम्ही असंच जेवायचो, बबन तेव्हा पाळण्यात होता. अण्णा खूप सावकाश खात होता, पहिला घास माझा व्हावा म्हणून थांबत होता.
परत आल्यावर बबन म्हणाला, "ताई, हा पंधरवडा तू आमच्याकडे आहेस." रागानं नाही. नियम सांगतात तसं.

२५ मे, बुध.
दोन्हीकडे सांगितलं की ऑ. मध्ये कुणाचा निरोप समारंभ आहे. खोटं. ठाण्याला स्टेशनजवळच्या खाणावळीत एकटी जेवले. बाई एकटी म्हणून मालकानं कोपऱ्यातलं टेबल दिलं. आमटीत पाणी होतं. भात दुसऱ्यांदा मागून घेतला, त्यानं न बघता वाढला. घरी जायची घाई नव्हती. असं बरं वाटलं याचं थोडं आश्चर्य वाटलं.

२९ मे, रवि.
वहिनी काल आली. आल्या आल्या डबे उघडून बघितले. तांदूळ होता तेवढाच. माझ्याकडे बघितलं, विचारलं नाही.

१९ जून, रवि.
नंदाबरोबर गॅलरीत उन्हाळ्यातल्या कुरडया डब्यात भरत होते. पुरुष घरात नव्हते. सांगून टाकलं. "जानेवारीत तुला भात खरवडून वाढला गेला ना, तो मी दुसऱ्यांदा घेतला होता."
नंदा म्हणाली, "माहीत आहे. वहिनींनी तेव्हाच मोरीपाशी सांगितलं होतं मला. म्हणाल्या, वन्सं घेतात दुसऱ्यांदा, माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."
"मग एवढं झालं कशाला?"
तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "भातावरून नाही झालं ताई. मला नऊला जेवायचं होतं. दमून आल्यावर जरा बसून, गप्पा मारत. ते साडेआठच्या पंगतीत जमत नव्हतं. वहिनींनापण कधी नऊला जेवावंसं वाटतं का, विचारा एकदा."
वहिनीला अजून विचारलेलं नाही.

७ ऑगस्ट, रवि.
आंबिवलीला एक खोली बघितली. ऑ. मधल्या एकीच्या दिराची, रिकामी आहे. स्टेशनपासून पाच मिनिटं. मागे मोकळं, लांबवर शेत. ओटा आहे, नळाला सकाळी पाणी. हो म्हणून आले.
घरी सांगितलं, दोघांना वेगवेगळं. अण्णा म्हणाला, "जेवायचं काय?" बबनही म्हणाला, "जेवायचं काय?" राहायचं काय, असं कुणी विचारलं नाही.

२१ ऑगस्ट, रवि.
उद्या सामान हलवायचं. नंदानं मसाल्याचा डबा भरून दिला, सातही वाट्या. वहिनीनं एक लहान पातेलं दिलं. म्हणाली, "एकटीसाठी भात केवढा लावायचा, ते सुरुवातीला जमायचं नाही तुम्हाला." दार लोटून घेतलं आणि रडली. एकोणीस वर्षांत तिला रडताना मी दुसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा आई गेली तेव्हा.
मी तिला विचारलं, "तू जेवलीस का?" ती म्हणाली, "आता बसते." मी थांबले. आम्ही दोघी जेवलो. अण्णाचं आधीच झालं होतं.

१० सप्टें., शनि.
रोज भात उरतो. सकाळी फोडणी घालून डब्यात. हिरा म्हणते, "तुझा डबा आता कुणाकडचा?" म्हटलं, माझा.
जेवताना समोर कुणी नाही याची सवय होत नाहीये. पुस्तक ठेवून बघितलं. खिडकीकडे तोंड करून बघितलं. ते बरं.

१ ऑक्टो., शनि.
रेशनकार्ड झालं. एक नाव. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "कुटुंबप्रमुख?" मी म्हटलं, "मीच." त्यानं लिहिलं. साखरेच्या रांगेत उभी राहून दोनदा वाचलं.

१६ ऑक्टो., रवि.
अण्णाचं म्हणणं, रविवारी त्याच्याकडे जेवायला जावं. बबनचंही तेच. एकीकडे गेले की दुसरीकडे कळतं. म्हणून तीन रविवार कुठेच गेले नाही. आज हिराकडे गेले. संध्याकाळी टेंभी नाक्याची देवी बघितली, गर्दीत हिराचा हात धरून. त्यांच्याकडे उपासाचं जेवण, तेही अकरा माणसांचं. कोण कुणाच्या ताटातलं उचलतंय पत्ता लागत नव्हता. हिराची सासू मला म्हणाली, "खा गो बाय, लाजू नको." लाजत नव्हते. कुणाला कमी पडत नाही ना, ते मोजत होते.

१३ नोव्हें., रवि.
दिवाळी झाली. दोन्हीकडे तासतासभर जाऊन आले. चकल्यांची चव दोन्हीकडे एकच. वैशूनं कानात सांगितलं, "आई आणि काकूनं फराळ मिळून केला, दुपारी. मधल्या दारात सोऱ्या ठेवून. बाबा यायच्या आत डबे भरून टाकले." कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी कुणाला सांगणार.

४ डिसें., रवि.
नंदा गुड्डीला घेऊन आली होती. पिठलंभात केला. बबन नाही आला, त्याला ओव्हरटाइम. मी म्हटलं, त्याला म्हणावं पंचवीस तारखेला ये, सुट्टीच आहे. पंगत-बिंगत काही नाही, नुसतं जेवायला.

१६ डिसें., शुक्र.
बबनचा ऑ. मध्ये फोन. "ताई, पंचवीसला येतो. बाराला." एवढंच. मग फोन ठेवता ठेवता, "अजून कोण आहे?" मी म्हटलं, "अजून कुणी नाही."

१८ डिसें., रवि.
अकराच्या सुमारास दार वाजलं. अण्णा. हातात मेथीची जुडी, पत्ता विचारत विचारत आलेला. कधी येईल असं वाटलं नव्हतं. खोली बघितली, ओटा बघितला, मोरीचा नळ उघडून बंद केला. "बरी आहे जागा."
मेथी निवडायला बसला. अण्णाला मेथी निवडताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. देठं जास्तच ठेवत होता.
साडेबाराला पान वाढलं. म्हणाला, "तुझं पण घे. मी थांबतो." दोघं एकदमच बसलो. तो बोलला थोडं, कंपनीतल्या कँटीनबद्दल, वैशूच्या गणिताबद्दल. वहिनी हल्ली जेवताना त्याच्याबरोबरच बसते, हेही म्हणाला. तिनं ठरवलं की यानं बसवलं, ते सांगितलं नाही.
भाजी दोनदा घेतली. हात धुऊन, टॉवेलला पुसत, माझ्याकडे न बघता विचारलं, "बबन येतो का इथे?"
"अजून आला नाही. नंदा येऊन गेली."
"यायचा असेल तेव्हा मला आधी कळव."
यायचं म्हणून, की त्या दिवशी टाळायचं म्हणून, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. पंचवीस तारखेचंही सांगितलं नाही, तोंडापर्यंत आलं होतं.
स्टेशनपर्यंत सोडायला गेले. गाडी येईपर्यंत दोघं उन्हात उभे होतो.
उद्या त्याच्या कंपनीत फोन लावेन. एवढंच सांगेन, बबन रविवारी बाराला येतोय.