तुमच्या मुलाविरुद्ध आठ नारळ

बाई, उद्या अकरा वाजता पंचायत समितीच्या सभेत तुमच्या मुलाला सभापतिपदावरून उतरवायला मी हात वर करणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्यासमोरच उभं राहायचं असल्यासारखं सकाळपासून वाटतंय. आमटीत मीठही दोनदा पडलं.

बारा सदस्य, तीन पक्ष, प्रत्येकाचे चार. निवडीच्या दिवशी त्याचा सोडून उरलेले आमचे दोन पक्ष एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. तिन्ही उमेदवारांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी त्याची निघाली. अवघ्या चार जणांच्या जिवावर तो सभापती झाला, आणि दुसऱ्या पक्षात असूनही मला बरं वाटलं. पण वरच्या वाड्यांच्या नळपाण्याची फाइल त्याच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहिली. बायका हंडे घेऊन कातळ तुडवत राहिल्या आणि मी 'करेल हो, जरा वेळ द्या' म्हणत त्याला सावरत राहिले. दहावीला शाळेसाठी मी तुमच्याच घरी राहत होते, तेव्हाचा एक दिवस आठवतो. तो चुलीपाशी पाढे लिहायचं टाळतोय, मी गुपचूप त्याची पाटी भरून देतेय, आणि पेज वाढता वाढता तुमचं लक्ष जातं. ओरडा मला बसतो, त्याला नाही. "त्याचं तू लिहिलंस तर तो कधी शिकणार गो?" तुमचा भयंकर राग आला होता मला.

गेल्या आठवड्यात हातखंब्याच्या एका हॉटेलात आमचे दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एका टेबलाला बसले. ठरावाला दोन तृतीयांश म्हणजे आठ मतं लागतात आणि आम्ही आहोतही नेमके आठच. एक जरी फुटला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून नारळावर हात ठेवून शपथ घ्यायचं ठरलं, तर आठ जणांची आठ गावं आणि आठ ग्रामदेवता! "तुमच्या देवाची शपथ आमच्या माणसाला कशी लागू होईल?" यावर तासभर वाद. शेवटी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या देवळातून नारळ आणला. टेबलावरची रांग बघून वेटरने विचारलं, "साखरपुडा हाय काय?" कोणी हसलं नाही. पुढचा सभापती कोण, यावर पुन्हा फाटायची वेळ आली. त्यांचा आम्हाला नको, आमचा त्यांना नको. मग कोणीतरी माझं नाव घेतलं. निवृत्त शिक्षिका, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी म्हटलं, सगळेच म्हणत असाल तर बघा.

काल त्याचा फोन आला. अविश्वास ठरावाच्या अर्जावरच्या सह्या त्याने पाहिल्या होत्या.

"ताई, तुझीपण सही गो?" मी काही म्हणायच्या आत तो पुढे म्हणाला, "आई असती तर तिला काय सांगितलं असतंस?"

"पाण्याचं सांगितलं असतं," मी म्हटलं.

"ती फाइल मी परवाच पुढे पाठवली."

खरंच पाठवली होती. मी ऑफिसात फोन करून खात्री केली आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

हे पत्र पेटीत टाकायची सोय नाही. तुमचा पत्ता म्हणजे त्याचंच घर. इतर सातजणांना मी फाइलचं बोललेले नाही, बोलणारही नाही. बाई, मला ती खुर्ची हवी आहे.