शैलाच्या ओट्यापुढच्या लाद्या

प्रिय शैला,

काल तुझी केतकी आली होती. ती काय बोलून गेली ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? म्हणून लिहायला बसले.

आपली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली गं. मी मुलुंडमध्येच भाड्याने राहते. तुझं घर रिकामं करताना केतकीने एक भांडंही ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, मला काही नको. सगळं भंगारात जाऊ दे." तू गेल्यापासून ती रडलीसुद्धा नव्हती. मला भीती वाटायची तिची.

पाडकामाआधी मी तुझ्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन आले. सगळं उचललेलं, तरी ओट्यापुढे तू होतीसच! बाकीची मोझॅक अजून चकाकत होती, तिथल्या चारच लाद्या मंद आणि किंचित खोलगट. जन्मभर तिथेच उभी राहिलीस ना? बाजूला वरवंट्याने उडालेला टवका. केतकीचा दहावीचा निकाल ऐकून तो तुझ्या हातून सुटला होता, आठवतं? पाय थोडक्यात वाचला, आणि तू हसत सुटलीस.

कामगारांना विनवण्या करून मी त्या लाद्या काढून घेतल्या. एक फुटली. तिचे तुकडेही पिशवीत भरले.

चित्रकलेची शिक्षिका निवृत्त झाली तरी हात थांबत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी दारात बसून रंगवत असले की तू समोरून यायचीस. "चित्रां खावन पोट भरता काय गो?" म्हणत काळ्या वाटाण्याच्या उसळीची वाटी पुढे ठेवायचीस. आणि मग तासभर तिथेच बसून रंग बघायचीस!

तुझ्या खिडकीचे गजही मागून आणले होते, त्यांची चौकट साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणली. लाद्या तिच्यात होत्या तशाच मांडल्या. फुटलेली सांधताना तुझ्याशी भांडत होते. छातीत दुखतंय हे मला सांगायला काय झालं होतं तुला? दारासमोर दार होतं ना आपलं?

नव्या बिल्डिंगच्या लॉबीत भिंतीवर ती चौकट लावायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. काल ती हॉलमध्ये जमिनीवर वाळत होती. केतकी आत आली आणि थबकली. मग हळूच म्हणाली, "आई इथेच उभी राहायची."

आणि ती त्या लाद्यांवर जाऊन उभी राहिली. सांधे ओले होते, पण मी अडवलं नाही. इतके महिने राहून गेलेलं सगळं ती रडली, शैला. मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

चहा घेताना मी लॉबीचं सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, भिंतीवर नको लावूस. मला यावर उभं राहायचंय. रोज."

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाईट वाटलं. किती मेहनतीने केलं होतं मी! मग मीच उठून गजांची चौकट सोडवली.

नव्या घरात तिच्या ओट्यापुढे फरशी बसवतील, तेव्हा गवंड्याशेजारी मी स्वतः बसेन. फुटलेल्या लादीसकट सगळ्या होत्या तशा लावून घेईन. शब्द देते तुला.

तुझी,
समोरच्या दारातली सुनंदा