पहिले कार्ड का बुडाले, याचा खुलासा

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
ठेव व कार्ड विभाग,
बाजारपेठ शाखा.

विषय : मुदत ठेवीच्या तारणावर नवीन क्रेडिट कार्ड मिळणेबाबत, तसेच आधीचे कार्ड थकीत गेल्याचा लेखी खुलासा सादर करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २१ जानेवारीचा अर्ज.
२) आपले दि. २ फेब्रुवारीचे पत्र ("खुलासा सविस्तर व सत्य असावा, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल").

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार दाती तृण धरून पुढीलप्रमाणे खुलासा सादर करीत आहे. आपण सविस्तर म्हटले आहे म्हणून सविस्तर लिहिले आहे. सत्य म्हटले आहे म्हणून काही गोष्टी लिहू नयेत अशाही लिहिल्या आहेत.

१. अर्जदार ही दातांच्या दवाखान्यामागील कारखान्यात गेली एकोणीस वर्षे कवळ्या बनवण्याचे काम करते. दवाखान्यातून जबड्याचा ठसा येतो. त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, मेणात एकेक दात मांडायचा, मेण उकळून काढून त्या जागी गुलाबी हिरडी भरायची आणि घासूनपुसून परत द्यायची, असे काम आहे. मजुरी नगावर मिळते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण अर्जदाराचे भरत आले आहे, आणि तिच्या आईचेही. आई (वय ७१) अर्जदाराजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. धाकटा भाऊ बायको व दोन मुलांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. आई त्याला राजा म्हणते, म्हणून सगळेच म्हणतात. या खुलाशातही तसेच म्हटले आहे.

२. नऊ वर्षांपूर्वी राजाने आइस्क्रीमच्या गाडीसाठी कर्ज काढले व अर्जदार जामीन राहिली. सही करताना पेन उमटेना, तेव्हा आईने ते झटकून पुन्हा अर्जदाराच्या हातात दिले होते. राजाने सात हप्ते भरले. त्यानंतर वसुलीचा माणूस थेट कारखान्यात येऊ लागला. मांडणीवरचा प्लास्टरचा जबडा हातात घेऊन तो सर्वांदेखत म्हणे, "ताई, एवढे दात आहेत तुमच्याकडे, एकदा हसून पैसे द्या की." अर्जदाराने तीन वर्षे फेडून प्रकरण तडजोडीने मिटवले. परंतु 'तडजोडीने बंद' हा शब्द नोंदीत तसाच राहिला आणि पतगुणांक ५४८ वर येऊन बसला. पुढे साधा पंखासुद्धा हप्त्यावर मिळेना.

३. अडीच वर्षांपूर्वी कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, अर्जदारास म्हणाले, "माझे हात कापायला लागलेत गं. कारखाना तूच घे. परक्याला देण्यापेक्षा तुला निम्म्यात देतो." त्यासाठी कर्ज लागणार होते, म्हणून अर्जदार आपल्या शाखेत आली. त्या वेळी आपणच समोर बसवून समजावले होते, की पत गेलेल्या माणसाला बँक उधार देत नाही, पण त्याचेच पैसे ठेव म्हणून ठेवून घेते आणि त्या तारणावर कार्ड देते. वापर थोडा ठेवायचा, बिल पूर्ण आणि वेळेआधी भरायचे, म्हणजे नाव हळूहळू सुधारते. अर्जदाराने चाळीस हजारांची ठेव ठेवली व बत्तीस हजार मर्यादेचे कार्ड घेतले.

४. त्यानंतरचे बावीस महिने आपल्या दप्तरात आहेतच. दरमहा प्लास्टर व मेण, एवढीच खरेदी. कधीही मर्यादेच्या चौथाईवर गेली नाही. बिल मुदतीच्या पाच दिवस आधी भरले जाई. खिडकीवरील बाई एकदा म्हणाल्या, "अहो, अजून वेळ आहे, एवढी घाई कसली?" अर्जदारास घाई नव्हती, भीती होती. गुणांक ६०० झाला त्या दिवशी अर्जदाराने काकांना पेढ्यांऐवजी चहा पाजला. ७५२ झाला त्या दिवशी मात्र तिने घरी आईला मोबाइलवर आकडा दाखवला. आईने चष्मा लावून तो पाहिला व विचारले, "म्हणजे आता बँक तुला कितीही देईल?" अर्जदार हसून म्हणाली, "कितीही नाही गं. पण आता माझ्यावर विश्वास आहे त्यांचा." ही चूक अर्जदाराची आहे व ती मान्य आहे.

५. मागील वर्षी जुलैत कारखान्यासाठीचे कर्ज आपल्याकडून तत्त्वतः मंजूर झाले. काकांनी ऑगस्टअखेरपर्यंत थांबायचे कबूल केले. त्याच आठवड्यात पित्ताशयातील खड्यांमुळे अर्जदारास शस्त्रक्रियेसाठी चार दिवस रुग्णालयात राहावे लागले. जवळची शिल्लक रोख रुग्णालयात भरून संपली होती. ऐनवेळी औषधे लागली तर हाताशी असावे म्हणून अर्जदाराने आपले कार्ड, मोबाइल व कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेला पिन आईकडे दिला. पिन इतरांस देऊ नये हा नियम अर्जदारास ठाऊक होता. आई ही 'इतर' आहे असे तेव्हा वाटले नाही.

६. चौथ्या दिवशी घरी आल्यावर आईने मऊ भात भरवला, उशी सारखी करून दिली. मोबाइल हाती आला तेव्हा त्यात तीन मेसेज होते. मोबाइलच्या दुकानात एकोणीस हजार, कपड्यांच्या दुकानात चार हजार चारशे, आणि आठ हजार रोख. एकूण एकतीस हजार चारशे. अर्जदाराने विचारले तेव्हा आई प्रथम म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय?" नंतर म्हणाली, "राजा आला होता. तुझी चौकशी करायला." आणि मग, "चार दिवसांत टाकतो म्हणालाय. तू आत्ता टाक्यांकडे लक्ष दे." राजा रुग्णालयात आला नव्हता. तो घरी आला होता, चिठ्ठी घ्यायला.

७. चार दिवसांचे पंधरा झाले. टाके निघताच अर्जदार पोट धरून दोन बस बदलून राजाच्या घरी गेली. त्याने दार अर्धेच उघडले. नवा मोबाइल त्याच्या हातातच होता. तो म्हणाला, "ताई, कार्ड तुझं, पिन तुझा, दिला आईनं. ह्यात माझं नाव कुठे आहे ते दाखव." आतून वहिनी म्हणाली, "पाणी तरी द्या त्यांना." पाणी आले नाही.

८. दीड महिना काम बंद असल्याने मजुरी नव्हती. ऑगस्टचे बिल भरता आले नाही. कर्जाच्या अंतिम तपासणीत कार्ड गळ्यापर्यंत भरलेले व थकलेले आढळले, म्हणून तत्त्वतः मंजुरी रद्द झाली. आपले तसे पत्र सोबत आहे. काकांनी सप्टेंबरचे आठ दिवस आणखी वाट पाहिली. मग म्हणाले, "थांबलो असतो गं. पण माझेच दिवस किती राहिलेत?" कारखाना दुसऱ्यास गेला. नव्या मालकाने अर्जदारास ठेवून घेतले आहे, नगामागे मजुरी कमी करून. सप्टेंबर व ऑक्टोबरही थकल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीस आपल्या बँकेने ठेव मोडून येणे वसूल केले. गुणांक ५६१ झाला. बावीस महिन्यांत जे मिळवले त्यातले तेरा गुण उरले.

९. येथपर्यंतचा मजकूर बँकेच्या कामाचा आहे. यापुढील मजकूर आपल्याला लागेल असे वाटत नाही, परंतु मागील महिन्यात अर्जदाराची आई आपल्या शाखेत येऊन तोंडाला पदर लावून रडत होती व "पोरीनं माझे दात काढून घेतले" असे बोबड्या शब्दांत, हातवारे करून सांगत होती, हे आपल्या शिपायाने अर्जदारास सांगितले. तेव्हा त्याचाही खुलासा करणे भाग आहे.

१०. आईच्या तोंडात जी कवळी होती ती अर्जदाराने पाच वर्षांपूर्वी स्वतः बनवली. तिला तीन आठवडे लागले, कारण गिऱ्हाइकांची कामे संपल्यावर ती करावी लागे. आईच्या मूळ दातांच्या रंगाशी जुळणारे दात महाग होते, तरी तेच घेतले. आईचा वरचा एक दात तरुणपणी किंचित तिरका होता, तो तसाच तिरका बसवला, म्हणजे चेहरा तिचाच राहावा. मेणात मांडून पाहताना तो सात वेळा काढला आणि घातला. आई शेजारीपाजारी सांगत असे, "राजानं करून दिली." अर्जदाराने कधी खोडून काढले नाही. तेवढ्याने तिला तोंड भरून सांगता येत असेल तर येऊ दे, असे वाटे.

११. ठेव मोडल्याचे आपले पत्र आले त्या दुपारी आई जेवत होती. अर्जदाराने पत्र वाचून दाखवले आणि एवढेच म्हणाली, "आई, माझं नाव गेलं गं पुन्हा." आईने घास चावून संपवला. मग म्हणाली, "नाव गेलं तर गेलं. तुला काय लग्नाला उभं राहायचंय? तुझं पुढंमागं आहे कोण? त्याला पोरंबाळं आहेत." आणि पुढचा घास घेतला. साहेब, अर्जदार त्या वेळी आईकडे पाहत नव्हती, तिच्या चावण्याकडे पाहत होती. तिरका दात वरखाली होत होता.

१२. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीप्रमाणे कवळी धुऊन वाडग्यात ठेवली होती. अर्जदाराने ती रुमालात गुंडाळली, कारखान्यात नेली व आपल्या खणात ठेवून कुलूप लावले. घरी येऊन सांगितले, "राजानं एकतीस हजार चारशे टाकले की दात मिळतील." बँकेने तारण घेतले तेव्हा कोणी तिला क्रूर म्हटले नाही, असा अर्जदाराचा त्या वेळचा विचार होता.

१३. पहिल्या दिवशी आई हसली. दुसऱ्या दिवशी तिने शिव्या दिल्या, पण दातांवाचून शिव्या नीट उमटत नव्हत्या, हे सांगताना अर्जदारास आजही लाज वाटते, कारण त्या वेळी हसू आले होते. तिसऱ्या दिवशी आईने राजाला फोन लावला. अर्जदार स्वयंपाकघरातच होती. आई खूप वेळ बोलली. दात, ताई, पैसे, ये, असे काहीतरी सांगत होती, शब्द सगळे एकमेकांत विरघळत होते. पलीकडून राजाचा आवाज आला, "आई, तोंडात काय घालून बोलतेस? काही कळत नाही. नंतर कर." आणि फोन बंद झाला. आईने आणखी चार वेळा लावला. त्यानंतर तिने फोन पदराने पुसून जागेवर ठेवला. अर्जदारास त्या क्षणी बरे वाटले. हेही सत्य आहे.

१४. त्यानंतर बारा आठवडे गेले. राजाने पैसे टाकले नाहीत व तो आलाही नाही. आई भात चुरून, भाकरी पाण्यात भिजवून खाऊ लागली, आणि निम्मे ताटातच ठेवू लागली. गाल आत गेले. शेजारणींसमोर जायचे तिने सोडले. बोलायचेही जवळजवळ सोडले, कारण अर्जदाराशिवाय तिचे बोलणे कोणाला धड कळत नसे. रिकामी हिरडी झिजते आणि मग जुनी कवळी बसत नाही, हे एकोणीस वर्षे हेच काम करणाऱ्या बाईला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. तिने दिवस मोजले होते. आता परत नेऊ, आता नेऊ, असे दर शनिवारी म्हणत होती व कुलूप तसेच ठेवून घरी येत होती.

१५. गेल्या रविवारी सकाळी अर्जदाराने कवळी घरी आणली, कोमट पाण्यात धुतली आणि आईसमोर बसून स्वतःच्या हाताने बसवली. ती बसली नाही. खालची उचलली जात होती, वरची सुटून जिभेवर पडत होती. अर्जदाराने आतून घासून पाहिली, पुन्हा लावली. हिरडीला लागून रक्त आले. लहान मूल औषधाला उघडते तसे तोंड उघडून आई बसून राहिली. तिसऱ्यांदा लावताना तिने अर्जदाराचे मनगट धरले, कवळी काढून वाडग्यात ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, अर्जदारास कळेल असे म्हणाली, "राहू दे. पण राजा आला तर त्याला सांगू नकोस हं, तू दात काढून घेतलेस म्हणून. त्याला वाटेल, त्याच्यामुळे झालं. त्याच्या जिवाला लागेल."

अर्जदाराचा खुलासा येथे संपतो. मागील ठेवीतून उरलेली रक्कम व कानातले विकून आलेले पैसे मिळून पंधरा हजारांची नवी ठेव ठेवण्यास ती तयार आहे. नवीन पिन कोणासही दिला जाणार नाही, याबद्दलचे हमीपत्र जोडले आहे. अर्ज मंजूर करावा ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,

(सही)
अर्जदार, कवळी कारागीर
दि. ९ फेब्रुवारी

सोबत :
१) ठेव मोडल्याच्या पत्राची प्रत
२) कर्जमंजुरी रद्द केल्याच्या पत्राची प्रत
३) रुग्णालयातून सोडल्याचा दाखला
४) पिनबाबतचे हमीपत्र