उडदावरून

मंगळवार, संध्याकाळ

फार दमलेय. ओरत्तनाडूला मी शिकवते ती शाळा सुटल्यावर घरी येताना बाबांची, आता माझीच झालेली मोटरसायकल मुद्दाम कालव्याकडच्या लांबच्या रस्त्याने आणली. एका गावाबाहेर रस्त्यावर उडदाची वाळलेली झाडं पसरली होती, जाणाऱ्या गाड्यांनीच मळणी व्हावी म्हणून. मी कडेने निघाले तर तिथं राखण करणारी एक म्हातारी तमिळमध्ये ओरडली, "कडेनं कुठं चाललीस? वरनंच जा, तेवढंच आमचं काम हलकं." गेले. चाकांखाली शेंगा तडतडल्या. वळून पुन्हा एकदा गेले, उगाच. दिवसभरात तेवढंच माझं.

घरी आई म्हणाली, "रविवारी मुलाकडचे येणार. तू शाळेत बसनं जातेस म्हणून सांगितलंय. गाडी मागं लावून ठेव."

घरातली पहिली पदवीधर म्हणून मला सगळीकडे मिरवणारी हीच आई. भांडायचं त्राण नव्हतं. पण शेंगांची ती तडतड अजून कानात होती. खोट्यावर लग्न कसं ठरवायचं?

म्हटलं, "आई, विचारलं तर मी खरं सांगणार."

"कोण विचारतंय? गाडी दिसली नाही म्हणजे झालं."

मी हो म्हटलं नाही. रविवारी गाडी दारातच उभी असेल. आई माझ्याशी बोलणार नाही, तेही ठाऊक आहे.