दोनशे चाळीस निळ्या फरशा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा मातीच्या फरशा घडवणे व भाजणे, हा कागद पूर्ण शुद्धीवर असताना, आपणहून, कोणाच्याही दाबाखाली न येता लिहीत आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. 'मन ठणठणीत' असे लिहा म्हणून मी सांगितले होते, त्यांनी 'समाधानकारक' लिहिले. कायद्याला तेवढे पुरते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात मुख्य गोष्ट लपवलीच असती.

१. माझ्या राहत्या दोन खोल्या माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यानंतर तिच्या मुलाला द्याव्यात. ताई चौदा वर्षांपासून मुलाकडे, दुसऱ्या गावी राहते. खिडकीकडची खाट तिची. त्या खाटेवर मी कोणाला झोपू दिले नाही, स्वतःही झोपले नाही, घडी केलेले कपडे तेवढे ठेवते. स्वयंपाकघरातली वरची फळी तिच्या उंचीची आहे, मला स्टूल घ्यावे लागते. फळी खाली घ्यावी असे मला एकदाही वाटले नाही.

२. बँकेत जे काही निघेल ते समाजकेंद्राच्या पाळणाघराला. तिथल्या पोरांनी माझी माती चोरून खाल्ली आहे, तेव्हा ती माझ्या वारसांतच मोडतात.

३. केंद्रामागच्या शेडमधली विजेची भट्टी केंद्राला, पण एका अटीवर. ज्यांना मागचे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. केंद्राच्या छपरावर सौर पॅनेल बसली आणि वाचनालय, दवाखाना, पाळणाघर सगळे उन्हाच्या विजेवर चालू लागले, तेव्हा समितीने दर्शनी भिंतीवर एक कलाकृती करवून घ्यायचे ठरवले. काम आम्हा दोघी बहिणींना मिळाले. माती आणि घडण माझी, रंग ताईचे. तेव्हाच्या अध्यक्षबाई निवृत्त विज्ञान शिक्षिका. त्यांनी करारात घातले की प्रत्येक फरशी छपरावरच्या विजेवरच भाजायची, बाहेरच्या लाईनचे एक युनिटही घ्यायचे नाही. ऐकायला झकास. पण भट्टीला दहा तास लागतात आणि ऊन काही आपल्या सोयीने वागत नाही. उरलेले तास बॅटऱ्यांवर काढायचे, त्या पुरल्या तर पुरल्या. आमची भट्टी लागली की वाचनालयाचे पंखे बंद, आणि म्हातारे वाचक आमच्या नावाने बोटे मोडत बसायचे. म्हणून अट अशी: यापुढे ऊन कमी पडले तर खुशाल बाहेरची लाईन घ्यावी. माझ्यासारखा हट्ट करू नये.

४. आता मुख्य गोष्ट. ही मालमत्तेत बसत नाही असे वकील म्हणाले. मी म्हटले, इतकी वर्षे सांभाळली आहे, म्हणजे माझीच आहे.

भिंतीच्या उजव्या बाजूला माझी तपकिरी जमीन होती आणि डाव्या बाजूला ताईचे आकाश, दोनशे चाळीस निळ्या फरशांचे. आकाशाची भाजणी शेवटी लावली. उद्घाटनाला आठ दिवस उरले होते आणि ताई तापाने घरी पडली होती. भट्टीच्या भोकातून दिसेल असा आम्ही आत मातीचा एक छोटा शंकू ठेवतो. पुरेशी आच लागली की तो मान टाकतो, तेव्हाच रंग पिकून फरशीला धरतो. निघताना ताईने माझा हात धरून सांगितले होते, "शंकू वाकल्याशिवाय बंद करू नकोस हं. घड्याळ बघू नकोस, शंकू बघ."

दुपारी तीनला आभाळ भरून आले. बॅटऱ्या उतरू लागल्या. वायरमन म्हणाला, "मावशी, बाहेरची लाईन जोडून देतो. दहा मिनिटांचं काम आहे, कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना," मी म्हटले. केवढी ती मी प्रामाणिक!

सहा वाजता बॅटऱ्यांनी हात टेकले. शंकू ताठ उभा होता. मी भट्टी बंद केली. पुन्हा भाजायचे तर उद्घाटन पुढे गेले असते, आणि चार लोकांत मला तोंडघशी पडायचे नव्हते. घरी आले तशी ताईने पांघरुणातूनच विचारले, "वाकला?" मी म्हटले, "वाकला." कराराचे एक युनिट मी चोरले नाही, सख्ख्या बहिणीशी मात्र खोटे बोलले.

दोन वर्षांत आकाशाचे पोपडे निघाले. पाळणाघरातली मुले निळ्या कपच्या खिशात भरून नेऊ लागली. समितीची बैठक बसली. जमीन शाबूत आहे, म्हणजे दोष रंगाचा, असे सगळ्यांचे मत पडले. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "शंकू वाकला होता ना गं?" तिला संशय नव्हता, ती नुसती खात्री करून घेत होती. मी सगळ्यांसमोर म्हटले, "हो."

"मग माझ्याच मापात चूक असेल," ती म्हणाली. त्यानंतर तिने रंगाला हात लावला नाही. भाचा सांगतो, त्याने घराला रंग द्यायला काढला तेव्हा कोणता देऊ म्हणून विचारले, तर "मला विचारू नकोस" म्हणत आत निघून गेली.

म्हणून लिहून देते की ताईचे माप बरोबर होते. चूक सर्वस्वी माझी. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही. दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. ती तिच्या गुडघ्यांचे सांगते, मी माझ्या. चार गुडघ्यांच्या पुढे गाडी जात नाही.

५. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात काड्यापेटीत तो ताठ शंकू आहे. तो ताईला द्यावा. ती मुलाकडे राहायला गेल्यावर तिच्या बरणीत उरलेल्या रंगातून मी चार फरशा केल्या आणि शंकू पुरता वाकेपर्यंत भाजल्या. शेडबाहेर नळाशेजारी बसवल्या आहेत. बारा पावसाळे झाले, कणभर रंग उडालेला नाही. हात धुताना रोज त्या दिसतात. त्या दिसल्या की ताई आत बसून रंग घोटते आहे असे वाटते, आणि मी हाक मारायला तोंड उघडते. मला तिची फार आठवण येते. या चार फरशा उखडून न्यायच्या नाहीत, ताईने इथे येऊन बघायच्या.

६. भिंत माझी नाही, हे वकिलांनी तीनदा सांगितले. पण करारात असे आहे की दोघींपैकी एक जरी हयात असली तरी डागडुजीचा हक्क तिचा. माझा वाटा मी ताईला देते. डाव्या बाजूला आज नुसते प्लास्टर आहे. आताच्या सचिवसाहेबांना तिथे 'आज किती वीज तयार झाली' हे सांगणारा दिव्यांचा फलक लावायचा आहे, आणि पाच डिसेंबरच्या बैठकीत ते तो मंजूर करून घेतील. मी हरकत घेतली तर म्हणतात, "मावशी, तुमच्याच फरशा पडल्या ना?" पुरा हक्क आणि हा कागद हातात घेऊन ताईने हरकत घेतली तर त्यांना थांबावे लागेल.

७. सचिवसाहेबांना माझी उंच शिडी. छपरावर चढून त्यांनी पॅनेलवरची धूळ स्वतः पुसावी, वीज आपोआप वाढेल. अध्यक्षबाईंना माझ्याकडची कराराची मूळ प्रत. त्यांच्यावर माझा राग नाही. अट त्यांची होती, खोटे माझे.

८. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. खोल्या, भट्टी, शिडी तोवर थांबतील. पण मी आधी गेले तर ताईला रागवायला समोर कोणी उरणार नाही, आणि ती आधी गेली तर आपला हात चुकला असेच समजून जाईल. ते मला सहन होणार नाही. म्हणून चौथे, पाचवे आणि सहावे कलम आजपासूनच लागू. या कागदाची एक प्रत ग्रंथपालबाईंनी आज दुपारच्या टपालाने ताईला पाठवावी. मी मध्येच कच खाल्ली आणि नको म्हटले, तर माझे ऐकू नये.

ताई, बैठकीला ये. भांड, बोलू नकोस, वाटलं तर संपल्यावर लगेच परत जा. पण एकदा ये. तू नुसती समोर बस, मी उभी राहून सगळ्यांना सांगते.

सही: मृत्युपत्र करणारी, फरशीवाली मावशी
स्थळ: समाजकेंद्रामागची शेड
दिनांक: १४ नोव्हेंबर

साक्षीदार पहिला: केंद्राचा वायरमन. साक्षीदाराने फक्त सही करायची असते असं सांगितलंय, तरी लिहितो. शंकू मीही पाहिला होता. बैठकीला मीही उभा राहीन.

साक्षीदार दुसरी: ग्रंथपाल. सह्या झाल्यावर मावशींनी दोन वेळा पाकीट परत मागितले. दिले नाही. दुपारी पावणेदोनला रजिस्टर टपालाने रवाना केले. पावती जोडली आहे.