सोर्स कुठे ठेवायचा ते मामाला विचारू नये

शारजा, सोमवार

आदरणीय पण आजच्यापुरत्या नावडत्या हर्बर्टमामा,

तुझ्या भाच्याचा, लेस्टरचा, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? फिजिओवाला सांगतो ते व्यायाम करतोस की त्यालाच शिकवतोस? आईचं प्रेशर उतरलं असेल अशी आशा आहे, निदान हे पत्र वाचेपर्यंत. मी बरा आहे, म्हणजे जेवतोय. पत्र हाताने लिहितोय, कारण आमचा लॅपटॉप माझ्या बेडखाली उलटा टांगलेला आहे (बरोबर वाचलंस, उलटा, वटवाघळासारखा), आणि तो तसा असण्याला तू जबाबदार आहेस. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय. झूम करून शेवटपर्यंत वाच, मधेच अंगठा पाठवून मोकळा होऊ नकोस.

रूमचा कॉमन लॅपटॉप तुला माहीत आहे. माझ्या कार्गो ऑफिसने टाकून दिला, मी उचलला, त्यात लिनक्स ही फुकटची सिस्टम घातली, पाचही जणांना आपापलं अकाउंट आणि आपापला होम फोल्डर करून दिला. फक्त त्याचा कॅमेरा बनवणाऱ्याने उलटा बसवलाय, त्यामुळे त्यात माणूस छताला चिकटलेल्या पालीसारखा दिसतो. कुणाचं अडत नव्हतं, घरी बोलायला मोबाईल आहेत. पण माझ्या खालच्या बेडवरच्या सुदेशने सेफ्टीच्या ऑनलाइन परीक्षेचा फॉर्म भरला. तिथे मोबाईल चालत नाही, कॅमेरावाला कॉम्प्युटर लागतो, आणि आधी चेहरा ओळखला गेला पाहिजे. सुदेश समोर बसला की सॉफ्टवेअर म्हणे, चेहरा सापडत नाही. पास झाला तर खलिफा सिटीच्या व्हिलांच्या साइटवर सेफ्टीचं काम पक्कं, उन्हात सळया बांधणं खलास. चुकली तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि साइट काही सुदेशसाठी थांबत नाही. बिचारा म्हणाला, साठ दिरहमचा कॅमेरा आणतो ना बाहेरून, पंधराशे रुपये तर होतात. मी म्हटलं, खबरदार. (इथे तुझी छाती फुगली असेल.) लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, उलट्या कॅमेऱ्यांच्या लॅपटॉपची यादीच असते, आपलं मॉडेल तेवढं त्यात नाही. एक ओळ घालायची, कर्नल नव्याने कंपाइल करायचा, सुदेश सरळ. मी शब्द दिला. (आई, तू खांद्यावरून वाचतेच आहेस म्हणून सांगतो: सोर्स म्हणजे कागदावरची रेसिपी, कंपाइल म्हणजे ती शिजवणं, कर्नल म्हणजे टेबलावर आलेला पदार्थ. आमच्या लॅपटॉपला शिजवायला साडेपाच तास लागतात आणि निम्म्या वेळा करपतं.)

आता तुझा गुन्हा. तू इथे शारजात असताना मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लिनक्स शिकलास आणि नंतर मला शिकवलंस की सोर्स ठेवायचा तो फक्त यूएसआर-एसआरसी फोल्डरात, तोही रूट होऊन, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी होऊन. होममध्ये सोर्स ठेवणारा माणूस पायजम्यात ऑफिसला जातो, हे तुझं वाक्य. मी ते पाळलं. एवढंच नाही, इंटरनेटवर चार लोक म्हणाले की बाबा, तो फोल्डर सिस्टमचा आहे, तिथे तू पाहुणा, आपला सोर्स आपल्या होममध्ये ठेव, रूट व्हायचं ते शेवटी कर्नल बसवताना, तर मी त्यांना नऊ परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. एकाने विचारलं, अंकल, वय काय तुमचं? मामा, मी तेवीस वर्षांचा आहे. हा अपमान मी तुझ्यासाठी गिळला.

आणि त्याचं फळ काय? तुझ्याच याकूबभाईंचा तो जुना नियम (फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आहे, तुला फार सलाम सांगतात): हॉल में जो है वो सबका, और जो सबका है वो किसी का नहीं. हॉलमध्ये कुणाची चप्पल, बरणी, बनियन पडलं की ज्याची साफसफाईची पाळी असेल तो ग्रूपवर विचारतो, आणि तीन दिवसांत मालक उभा राहिला नाही तर उचलतो. गेल्या आठवड्यात पाळी दगडूदादाची होती. हे लांज्याचे, परांची बांधतात, चाळीस मजले चढून रोज उतरतात, आणि पाळी आली की पंख्याची पातीसुद्धा पुसतात. लॅपटॉप म्हणायला लागला की जागा संपली. (डिस्कचे मी दोन भाग केलेत, सिस्टमचा छोटा, सगळ्यांच्या होमचा मोठा, आणि तुझ्या नियमामुळे माझा सगळा पसारा छोट्यात.) तर दादांनी त्यालाही हॉल धरला. कीबोर्डखाली मीच चिकटवलेला पासवर्ड वापरून आत गेले, वीस जीबीचा ढीग बघितला, मालकाचं नाव बघितलं आणि ग्रूपवर टाकलं, की रूट नावाचा माणूस आपल्यात कोण आहे, त्याने सामान उचलावं. मी ग्रूप म्यूट केलेला. खाली तिघांनी लिहिलंय, असा कोणी राहत नाही.

शनिवारी दुबईच्या ऑफिसातून दोन तास जाममध्ये बसून आलो, शेवटचं एकदा कंपाइल करायला. रविवारी दहाला परीक्षा. फोल्डर नाही. ट्रॅशही रिकामा. दादा कांदा चिरत होते.

"दादा, इथलं सामान?"

"उचललं. तीन दिवस विचारत होतो की."

"तीन आठवड्यांचं काम होतं ते."

"अरे मग ऐक तर..."

मी ऐकलं नाही. खाली कॅफेटेरियात जाऊन दोन करक चहा प्यायलो आणि तुला शिव्या दिल्या. परत उतरवून, जुळवून, शिजवायला वेळ नव्हता, कॅमेऱ्याची दुकानं बंद व्हायला आली होती, आणि सुदेश माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. ओरडला असता तरी चाललं असतं. त्याने परीक्षेसाठी इस्त्री केलेला शर्ट घडी करून परत बॅगेत ठेवला.

रविवारी सकाळी दगडूदादांनी मला विचारलं, कॅमेरा उलटा ना, मग यंत्रच उलटं केलं तर? मी म्हटलं, दादा, असं नसतं. ते म्हणाले बरं, आणि बांधणीची तार काढली. लॅपटॉप माझ्या बेडच्या दांड्याला खालून आवळला, स्क्रीन लोंबती, कॅमेरा तळाला. सेटिंगमध्ये स्क्रीन उलटी फिरवली (ते बटन दाखवायला मात्र मी लागलो), माझा वेगळा कीबोर्ड सुदेशच्या मांडीवर. चेहरा सापडला. मग परीक्षा घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, कॅमेरा फिरवून पूर्ण खोली दाखवा. खोलीत दुसरं कोणी नको, आणि सुदेश उठला की चेहरा गेला. दादांनी आधीच लॅपटॉपला दोन्ही बाजूंनी नायलॉनची दोरी बांधून तिची दोन टोकं दाराखालून बाहेर काढून ठेवली होती. बाहेरून एक हिसका, लॅपटॉप डावीकडे. दुसरा हिसका, उजवीकडे. बाईंनी विचारलं की भूकंप होतोय का. सुदेश म्हणाला, नो मॅडम, एसी.

पास झाला. सगळ्यांनी बिर्याणी खाल्ली, दादांना मिठी मारली. मला कोणी साधं थँक्यू म्हटलं नाही, आणि लिनक्स कोणाचं होतं? शिवाय लॅपटॉप अजून तसाच आहे, कारण आता तो झोपून बघता येतो.

आईला सांभाळ, तिला हे पत्र पूर्ण देऊ नकोस. तुझ्या नियमाचा शेवटचा अनुयायी,

लेस्टर

ता. क. सुदेश पहिल्या तारखेला खलिफा सिटीला राहायला चालला. त्याचा खालचा बेड रिकामा होतो, बेडखाली पेटी ठेवायला जागा असते. कोणाला द्यायचा ते याकूबभाई ठरवणार, आणि तुझा शब्द ते मोडत नाहीत. तुझ्यामुळे मी किती भोगलं ते वर सविस्तर दिलंच आहे. एक फोन कर.

ता. क. (मंगळवार) काल रात्री दगडूदादांनी विचारलं, सामान मिळालं ना? तारखेने लावल्यावर जी फाइल सगळ्यात वर आली तिच्यात एका ओळीला माझं नाव दिसलं, म्हणून त्यांनी सगळं उचलून माझ्या होममध्ये ठेवलं होतं. ज्याचं त्याच्याकडे. मी तिथे बघितलंच नव्हतं, कारण तुझ्या नियमाप्रमाणे तिथे काही ठेवत नाहीत. आहे तिथेच, होममध्येच, कंपाइल केलं, एकदाही करपलं नाही, जागाही संपली नाही. कॅमेरा सरळ झाला. पण लॅपटॉप उलटा टांगलेला असल्यामुळे आता सगळे परत पालीसारखे दिसतात, आणि रूमने एकमताने मला ती ओळ काढायला सांगितली आहे.

ता. क. याकूबभाईंना फोन करशील तेव्हा माझं नाव घेऊ नकोस, दगडूदादांचं घे. दिवसभर चढून आल्यावर त्यांना रात्री परत वरच्या बेडची शिडी चढवत नाही. मी वरच बरा. तारेच्या गाठी माझ्या दांड्याला आहेत, आणि लॅपटॉप सोडवायचा तर वरच्या माणसाला विचारावं लागतं.